मारोतीमामांचा आवाज आणि माझी एक वायर

कॅसेट भरणे म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. परवा माझ्या सुनेनंच विचारलं, "आई, भरायच्या म्हणजे? त्या रिकाम्या यायच्या का?" तर तिच्यासाठी आणि तिच्या वयाच्या सगळ्यांसाठी आधी ते सांगून टाकते.

हिंगोलीत एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत माझं दुकान होतं. पाटीवर लिहिलेलं, 'कॅसेट भरून मिळेल. रेडिओ-टेप दुरुस्ती.' गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणायचं. मी माझ्याकडच्या तबकड्या आणि कॅसेटी धुंडाळून ती गाणी एका कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायची. कायद्यानं ते कितपत बसत होतं, याबद्दल आता या वयात मी काही बोलणार नाही. दुरुस्ती वडिलांकडून आलेली. ते गेल्यावर दुकान बंद करायचं घरात चाललं होतं, पण मी शटर उघडून बसले ती बसलेच. बाई रेडिओ खोलते हे बघायला पहिले सहा महिने लोक उगीच येऊन उभे राहायचे. त्यातले निम्मे पुढं गिऱ्हाईक झाले.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असत. हळदीच्या एका व्यापाऱ्यानं नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर दोन्ही बाजूंनी एकच गाणं भरून घेतलं, आणि आठवड्यानं तक्रार घेऊन आला की चौथ्यांदा लागतं तेव्हा गाणारी जरा नाराज वाटते. मी न हसता ते चौथं परत भरून दिलं आणि तो समाधानानं गेला. एक लग्न ठरलेली पोरगी टेप मागायला आली होती. तिला आईचं ओरडणं भरून न्यायचं होतं, सासरी करमणार नाही म्हणून. आईला न कळता टेप चुलीमागं ठेवला आणि अर्धा तास भरला. त्या पोरीला दोन लेकरं झाली, तरी ती कॅसेट तिच्याकडं होती.

पण माझ्या सगळ्या धंद्यात जिच्यासाठी मी आजही झोपेतून उठून बसेन, ती कॅसेट एकच.

नव्वदीच्या शेवटाला, आम्ही अजून परभणी जिल्ह्यातच होतो तेव्हा, दोन माणसं दुकानात आली. एक हट्टा गावचे यशवंत गुरुजी, प्राथमिक शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले. 'जय भीम' करून ते स्टुलावर बसले. दुसरे डोक्याला मुंडासं, खांद्याला घोंगडी, उंचेपुरे, गळ्याला रुमाल गुंडाळलेला. ते उभेच राहिले. गुरुजी म्हणाले, "ताई, हा डोंगरकड्याचा मारोती. आमच्या गाण्याच्या पार्टीचा गळा होता हा. आता याला गळाच न्हाई."

मारोतीमामांनी रुमाल जरा खाली केला. नऊ वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आवाजाची पेटीच काढून टाकली होती. जीव वाचला. बोलणं कायमचं गेलं.

मग गुरुजींनी सांगितलं ते ऐकून मी हातातला पाना खाली ठेवला. मारोतीमामा तरुणपणी मेंढरं राखत आणि हलगीवर गात. यशवंता, म्हणजे हेच गुरुजी, त्यांचा दोस्त. त्यानं नांदेडच्या एका बँडवाल्याकडून मोडकी इलेक्ट्रिक गिटार मिळवली आणि दुरुस्त केली. आणखी तिघं हलगीला, ढोलकीला आणि झांजेला. हलगी, ढोलकी आणि वर करकरणारी गिटार! एका कंपनीनं त्यांना बोलावून सात छोट्या तबकड्या काढल्या, चौदा गाणी. स्टुडिओत माईक एकच होता. मारोतीमामा माईकसमोर, गिटार चार पावलं मागं, आणि हलगी जास्त वाजते म्हणून हलगीवाला चक्क दाराबाहेर, दार उघडं ठेवून.

ही गाणी मला तोंडपाठ होती! नुसती मलाच नाही, गावोगाव लग्नात तीच वाजत. पण ज्या कॅसेटवरून वाजत ती पुण्याकडच्या एका गायकाची होती. त्यानं पुढं रीतसर परवानगी काढून तीच गाणी की-बोर्ड लावून म्हटली होती आणि कव्हरवर चकचकीत जाकीट घालून फोटो काढला होता. जुन्या तबकड्या झिजल्या, फुटल्या, माळ्यावर गेल्या. लोकांच्या लेखी गाणी त्याची झाली. खुद्द डोंगरकड्यात, मामांच्या गावात, जत्रेला दरसाल त्याचीच कॅसेट लागे, आणि मारोतीमामा तिथंच कुस्त्यांच्या फडाजवळ उभे राहून ती ऐकत. पोरं त्यांना म्हणत, मामा, तुमी गात होता म्हणतेत, खरं का?

खरं म्हणायलाही त्यांच्याकडं आवाज नव्हता.

"याचं एकच म्हणणं हाय," गुरुजी म्हणाले. "सगळी गाणी एका कॅसेटवर, याच्या आवाजात. अन् जत्रंला एक बार आपल्या गावच्या भोंग्यातून वाजली पाह्यजेत. बराबर कुस्त्या सुरू व्हायच्या आधी, समदं गाव हाजर असतं तवा."

जत्रेला तीन महिने होते. त्यांच्याकडं तबकड्या किती होत्या? एक. तीही तडा गेलेली.

ते तीन महिने मी आणि गुरुजींनी काय धावपळ केली! गुरुजी लाल डब्यातून गावं फिरायचे, मी गिऱ्हाइकांना कामाला लावलं. तुझा रेडिओ फुकट करून देते, पण आजोबांच्या माळ्यावर तबकडी आहे का बघ. जुन्या लाउडस्पीकरवाल्यांकडं चार सापडल्या. वसमतच्या बाजूला एका शिंप्याकडं एक मिळाली. तो ती कापडावर गोल आखायला वापरत होता, त्यामुळं कडेला खडूच खडू. सातवी काही केल्या मिळेना, आणि तिच्यातच मारोतीमामांचं सगळ्यात गाजलेलं गाणं होतं, घोंगडीच्या ठिगळाचं. शेवटी आमच्या गल्लीतल्याच एका म्हातारीनं लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवलेली तबकडी मी स्वतः पाहिली आणि ओरडलेच. म्हातारी घाबरली. तिला नवीन काचेचं झाकण आणून दिलं आणि तबकडी पदराखाली धरून दुकानात पळत आले.

रिठ्याच्या पाण्यानं आणि मलमलीनं मी एकेक तबकडी धुतली. लोणच्यावरची तापून वाकडी झाली होती. ती दोन काचांच्या मध्ये दाबून दोन दिवस कोवळ्या उन्हात ठेवली. जिथं सुई उडी मारायची तिथं सुईच्या दांडीवर चार आण्याचं नाणं चिकटवलं. पहिल्यांदा जेव्हा त्या खरखरीतून आवाज वर आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. काय आवाज होता तो! माळावरून लांबच्या माणसाला हाक मारावी तसा मोकळा, आणि शेवटाला जरा हसल्यासारखा. पुण्याचा तो जाकीटवाला त्याच्यापुढं काहीच नव्हता.

आता इथं धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल, कारण पुढची सगळी फजिती तिच्यात आहे. जुन्या तबकड्या मोनो असत, म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेनं येतो. नंतर स्टिरिओ आलं, त्यात डाव्या आणि उजव्या अशा दोन वाटा. माझं यंत्र स्टिरिओचं होतं. त्याच्या सुईमागं केसासारख्या बारीक चार वायरी असतात, दोन डाव्या वाटेच्या, दोन उजव्या वाटेच्या. मोनो तबकडी त्यावर लावली की तोच आवाज दोन्ही वाटांनी सारखा येतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं गाणारा बरोबर समोर, मधोमध उभा आहे.

मोठ्या हौसेनं मी या कामासाठी नवी सुई आणली आणि बसवताना माझ्याकडून एका बाजूच्या दोन वायरी उलटसुलट लागल्या. रंग फिके झाले होते, मी अंदाजानं सोल्डर केलं. वाजवून पाहिलं, दोन्हीकडून आवाज आला, झालं. वडिलांचा नियम होता की कुठलीही दुरुस्ती झाली की एकाच स्पीकरवरही लावून बघायची. मी नाही बघितली. कशाला बघू? हेडफोनमध्ये तर कमाल वाटत होती! मारोतीमामांचा आवाज डोक्याच्या चारी बाजूंनी येत होता, खोलीभर पसरला होता. मला वाटलं, मी जुन्या मोनोचं स्टिरिओ करून दाखवलं. हिंगोलीत बसून! त्या आठवड्यात मी आरशातसुद्धा जरा ताठ मानेनं बघत होते.

गुरुजींना ऐकवलं तर तेही खूश. मारोतीमामांना ऐकवायला दोन स्पीकर मांडले. त्यांनी डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं. मग उठले, दोन स्पीकरच्या मधोमध टेबलावर बोट ठेवलं आणि मान हलवली. पुन्हा ठेवलं, पुन्हा हलवली. इथं मी नाही, असं ते सांगत होते. मी त्यांना मोठ्या मायेनं समजावलं की मामा, याला स्टिरिओ म्हणतात, आताच्या जमान्यात असंच असतं. ज्या माणसाचा तो आवाज, तो सांगतोय की काहीतरी चुकलं आहे, आणि मी त्याला जमाना शिकवत होते. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

चौदा गाणी एका साठच्या कॅसेटवर भरली. जत्रेत द्यायला पंचवीस प्रती केल्या. गुरुजींनी सुंदर अक्षरात नावं लिहिली.

जत्रेच्या दिवशी दुपारी डोंगरकड्याला पोचलो. कुस्त्यांच्या फडाभोवती माणूसच माणूस. बायका लांब, बांगड्यांच्या दुकानांकडं. लाउडस्पीकर चांदभाईंचा होता, चांगला ओळखीचा माणूस, त्यांचे ॲम्प्लिफायर माझ्याकडंच दुरुस्तीला यायचे. सरपंचांनी कुस्त्यांआधी दहा मिनिटं द्यायचं कबूल केलं होतं. गुरुजींनी माईकवरून सांगितलं की आता तुमच्या मारोतीचा आवाज ऐका. मारोतीमामा भोंग्याच्या खांबाखाली उभे होते, धुवट धोतर, नवा रुमाल. चांदभाईंनी कॅसेट लावली.

भोंग्यातून खरखर आली. नुसती खरखर! मी म्हटलं सुरुवातीची असेल. दहा सेकंद, वीस सेकंद. गिटार नाही, हलगी नाही, गाणं नाही. विहिरीच्या तळातून कोणी कण्हावं तसं काहीतरी बारीक, आणि वर तबकडीची करकर. चांदभाईंनी आवाज वाढवला तर करकर वाढली. दुसरं गाणं लावलं, तेच. दुसरी प्रत लावली, तेच.

लोक आधी कुजबुजले, मग हसले. कुणीतरी म्हणालं की मारोतीचा आवाज दवाखान्यात गेला तो कॅसेटमधून बी गेला. मागून ओरडा आला, नेहमीची लावा. चांदभाईंनी नाइलाजानं पुण्याच्या गायकाची कॅसेट घातली आणि ती खणखणीत वाजली. म्हणजे यंत्र ठीक होतं. खराब काही असेल तर ते माझं होतं.

मी मारोतीमामांकडं बघितलं. ते हलले नव्हते. हात जोडून उभे होते तसेच उभे होते, फक्त मान खाली गेली होती. गुरुजी मला म्हणाले, "ताई, जाऊ द्या, पुढल्या साली करू." पण पुढच्या साली या लोकांनी परत दहा मिनिटं दिली नसती हे आम्हा दोघांनाही कळत होतं. जिवंतपणी एकदा त्यांनी आपला आवाज गावाला परत मागितला होता, आणि तो मी गावासमोर खरखरीत घालवला होता.

दुकानात वाजतं, इथं वाजत नाही. दोन स्पीकरवर वाजतं, भोंग्यावर वाजत नाही. मी स्वतःशीच पुटपुटत होते. आणि टेबलाच्या मधोमध ठेवलेलं ते बोट एकदम डोळ्यांसमोर आलं. मी मधे नाही! अगं वेडे, मी मधे नाही असं सांगत होता तो माणूस!

मी पदर खोचला आणि माणसांतून वाट काढत मंचावर गेले. फडाजवळ बाई बघून दोघं-तिघं अंगावर ओरडले, त्यांना मी काय म्हणाले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. चांदभाईंच्या टेपच्या मागं हात घातला. तिथं मला वाटलं तेच होतं. टेपमध्ये डावी आणि उजवी अशा दोन पिना खोचलेल्या होत्या आणि भोंगा एक म्हणून त्यांच्या वायरी पुढं एकत्र जोडलेल्या होत्या. सगळे लाउडस्पीकरवाले असंच करतात, त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्या उलट्या वायरीमुळं डावीकडं आवाज पुढं सरकला की उजवीकडचा तेवढाच मागं सरकत होता. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना खाऊन टाकत, आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळी असलेली खरखर तेवढी मागं उरत होती.

"चांदभाई, यातली एक पिन उपटा."

"ताई, पैलवान उतरले. अब टाइम नहीं."

मीच उपटली. उजवीकडची. ती हातात धरून मी त्यांना म्हटलं, आता लावा. चांदभाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं, काय दिसलं त्यांना कोण जाणे, पण जाकीटवाल्याची कॅसेट काढली आणि आमची घातली.

गिटार वाजली! करकरीत, उद्धट, अशी की जवळचा एक बैल बिथरला. मागून दाराबाहेरची हलगी. आणि मग मारोतीमामा. काय सांगू तुम्हाला, एका माईकसमोर म्हटलेलं ते गाणं एका भोंग्यासाठीच केलेलं होतं. स्टिरिओ न् काय न्, सगळी माझी मिजास होती. त्या एका पत्र्याच्या तोंडातून तो आवाज सरळ निघाला आणि पार पलीकडच्या शेतापर्यंत गेला. मी ती पिन मुठीत धरून मंचावर नाचायचीच बाकी होते.

गर्दीत आधी कुणाला कळलंच नाही. एक जवान पोरगा म्हणाला की हे तर पुण्यावाल्याचं गाणं. फडाच्या कडेला बसलेले एक म्हातारबा उठून उभे राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिले, आणि म्हणाले, "चूप. मारोत्या हाय ह्यो. शेवटाला हसून राहिला बघ." मग दुसरा म्हातारा उठला. मग चार जण बोट दाखवायला लागले, भोंग्याकडं आणि खांबाखाली उभ्या असलेल्या माणसाकडं. कुस्तीला उतरलेले दोन पैलवान अंगाला माती लावून तसेच थांबले. गुरुजी माझ्याशेजारी उभे राहून हवेत गिटारच्या तारा छेडत होते, शाळेतून निवृत्त झालेला माणूस, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मारोतीमामांनी मान वर केली. त्यांचे ओठ हलत होते, शब्द न् शब्द बरोबर, कुठं श्वास घ्यायचा तिथं घेत होते.

पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, तिसरं झालं, दहा मिनिटं कधीच उलटून गेली. पंच घाईवर आले. सरपंचांनी खुणावलं तसा चांदभाईंनी बटणाकडं हात नेला.

तेवढ्यात बांगड्यांच्या दुकानांकडून एक बाई माणसांना बाजूला सारत आली, हातात अर्ध्याच भरलेल्या बांगड्या. मारोतीमामांच्या घरच्या, पारूमामी. त्या फडात कधी आल्या नव्हत्या, त्या गावातली कोणतीच बाई कधी आली नव्हती. त्या थेट खांबाखाली नवऱ्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. वर भोंग्याकडं बघितलं, मग चांदभाईंकडं.

"भाऊ, बंद नका करू," त्या म्हणाल्या. "नऊ वर्सं झाली. आज बोलून राहिले ते."

चांदभाईंनी हात मागं घेतला. पंच फडातच मातीवर बसले, आणि त्यांचं बघून दोन्ही पैलवानही बसले. पहिली बाजू संपली तशी मी कॅसेट उलटली.